विनाशिका-सेवानौका

विनाशिका-सेवानौका : युद्धकाळात विनाशिकांच्या तांड्याची दुरुस्ती, रसदपुरवठा, दारूगोळा, वैद्यकीय मदत व प्रशासन ही सर्व कामे एकाच ठिकाणी सांभाळणारे मोठे साहाय्यक जहाज. अमेरिकी नौदलात अशा जहाजाला डिस्ट्रॉयर टेंडर, तर ब्रिटिश नौदलात डेपो शिप म्हणत. ब्रिटिश संज्ञेची व्याप्ती थोडी अधिक असून तीत पाणबुड्यांच्या सेवेसाठी असलेल्या जहाजांचाही समावेश होतो. सेवानौका स्वतः लढत नाही. तिच्यावर थोड्या तोफा असतात, परंतु त्या स्वसंरक्षणापुरत्याच. तिचे खरे सामर्थ्य तिच्या कर्मशाळांत आणि त्यांत काम करणाऱ्या शेकडो कुशल कारागिरांत असते.

विनाशिकेला अशा आधाराची गरज का लागते, हे तिच्या रचनेवरून कळते. पाणतीर सोडणाऱ्या छोट्या होड्यांपासून मोठ्या युद्धनौकांचे रक्षण करण्यासाठी १८९० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये विनाशिका हा प्रकार उदयास आला. हॅव्हॉक ही त्यांतील पहिल्या विनाशिकांपैकी एक (१८९३). अतिशय वेग हे या नौकेचे मुख्य लक्षण. तो साधण्यासाठी तिच्या सांगाड्यातील बहुतेक जागा बाष्पित्रे, यंत्रे आणि इंधन यांनीच व्यापलेली असे. सुटे भाग, कर्मशाळा, रुग्णालय, भटारखाना, धुलाईघर यांना तीत जागा नव्हती. पातळ पोलादी पत्र्याचे तिचे कवच वादळी समुद्रात सतत लवत-वाकत असे. शिवणी सुटत, संघनकाच्या नळ्या गळू लागत व खारे पाणी बाष्पित्रात शिरे. बाष्पित्रांतील काजळी आणि क्षार ठराविक तासांच्या वापरानंतर काढलेच पाहिजेत, आणि त्यासाठी बाष्पित्र पूर्ण थंड करावे लागते. म्हणजे शत्रूची एकही गोळी न लागताही विनाशिका काही आठवड्यांत निकामी होण्याच्या मार्गाला लागते. मोठ्या युद्धनौकेवर स्वतःची कर्मशाळा व शस्त्रक्रियागृह असते. विनाशिका मात्र या बाबतीत जन्मतःच परावलंबी होती. तिला एक तर गोदी जवळ हवी, नाही तर गोदीच तिच्यामागून चालत यायला हवी.

इतिहास : सेवानौकेची कल्पना विनाशिकेपेक्षाही थोडी जुनी आहे. ब्रिटिश नौदलाने १८७८ मध्ये विकत घेतलेले हेक्ला हे व्यापारी जहाज पाणतीर-होड्यांचे आगार म्हणून वापरले. १८८९ मध्ये जलावतरण झालेले व्हल्कन हे जहाज तर याच कामासाठी बांधले होते. त्यावर पाणतीर-होड्या उचलून घेण्यासाठी जलशक्तीवर चालणाऱ्या मोठ्या याऱ्या आणि सुसज्ज कर्मशाळा होत्या. फ्रेंच नौदलाचे फूद्र (१८९५) हे त्याच जातीचे. होड्या मोठ्या होत गेल्या, तशी त्या उचलून नेण्याची कल्पना मागे पडली आणि कर्मशाळा तेवढ्या उरल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लेक व ब्लेनिम यांसारख्या जुन्या क्रूझर जहाजांची यंत्रसामग्री बदलून ती विनाशिकांच्या सेवेस लावण्यात आली. म्हाताऱ्या जहाजांची अशी सोय लावणे काटकसरीचे होते खरे, परंतु अरुंद आणि चिलखती सांगाड्यात कर्मशाळा बसविणे हे गैरसोयीचेच काम होते. पुढे व्यापारी जहाजे घेण्याकडे कल वाढला. ब्रिटिश नौदलाचे सँडहर्स्ट हे त्याचे एक चमत्कारिक उदाहरण. मूळचे मणिपूर नावाचे हे मालवाहू जहाज १९१५ मध्ये घेऊन प्रथम त्यावर लाकडाच्या तोफा व मनोरे उभारले आणि शत्रूला फसविण्यासाठी त्याला इंडॉमिटेबल या युद्धक्रूझरचे सोंग दिले. सोंगाचा उपयोग संपल्यावर त्याचे दुरुस्तीजहाज झाले आणि दुसऱ्या महायुद्धातही ते विनाशिकांची सेवा करीत होते.

पहिल्या महायुद्धात सेवानौकेचे मोल प्रथम लख्ख दिसले ते आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्वीन्सटाउन (आताचे कोव्ह) बंदरात. जर्मन पाणबुड्यांनी १९१७ च्या वसंतात ब्रिटनचा व्यापारी मार्ग तोडत आणला होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर ४ मे १९१७ रोजी तिच्या पहिल्या सहा विनाशिका क्वीन्सटाउनला पोहोचल्या, आणि ऑगस्टअखेर त्यांची संख्या तिसाच्या पुढे गेली. तेथील हॉलबोलाइन बेटावरील गोदी लहान होती, आणि ब्रिटनमधील मोठ्या गोद्या आपल्याच जहाजांनी भरून गेल्या होत्या. अमेरिकी नौदलाने मेलव्हिल व डिक्सी या दोन सेवानौका पाठोपाठ पाठविल्या. मेलव्हिलवर ॲडमिरल विल्यम सिम्स यांचा ध्वज होता. विनाशिका साधारणतः पाच दिवस समुद्रावर आणि दोन-तीन दिवस बंदरात अशा फेऱ्या करीत. बंदरातील त्या दोन-तीन दिवसांत सेवानौकांवरील कारागीर दिवस-रात्र पाळ्यांनी काम उरकीत, आणि नियमित दुरुस्तीपैकी फारच थोडी ब्रिटिश गोद्यांकडे जाई. सिम्स यांनी युद्धानंतरच्या आपल्या लेखनात या दोन जहाजांचा गौरव केला आहे. सेवानौकेच्या मर्यादाही तेथेच कळल्या. १५ ऑक्टोबर १९१७ रोजी पाणतीर लागून कॅसिन या विनाशिकेची पिछाडी उडाली. पाणतीर येताना पाहून ऑझमंड इंग्रॅम हा तोफखान्यावरील सैनिक डेप्थ चार्ज हे पाणबुडीविरोधी बाँब समुद्रात लोटून देण्यासाठी पिछाडीकडे धावला आणि मारला गेला. विनाशिका वाचली, परंतु तिला नवी पिछाडी बसविणे सेवानौकेच्या आवाक्याबाहेरचे होते. तिला न्यूपोर्टच्या गोदीत न्यावे लागले व ती १९१८ च्या उन्हाळ्यातच पुन्हा कामावर येऊ शकली.

रचना व कार्यपद्धती : दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सेवानौका ही स्वतंत्र आराखड्याची जहाजे झाली. अमेरिकेच्या नव्या डिक्सी वर्गातील पहिले जहाज २५ एप्रिल १९४० रोजी नौदलात दाखल झाले. त्याची लांबी सु. १६२ मी., रुंदी सु. २२ मी., वेग सु. १९ नॉट, तर त्यावरील माणसे हजाराहून अधिक होती. प्रेअरी, पीडमाँट, सिएरा व योसेमिटी ही त्याच वर्गातील इतर जहाजे. ब्रिटनच्या हेक्ला व टाइन (दोन्हींचे जलावतरण १९४०) यांची लांबी सु. १८९ मी. व वजन सु. ११,००० टन होते. ब्रिटनने अशी जहाजे मोजकीच बांधली. याचे कारण असे, की जिब्राल्टर, माल्टा, मुंबई, त्रिंकोमाली, सिंगापूर अशी गोद्या असलेली बंदरे साम्राज्यभर पसरलेली होती. मुंबईतील डंकन गोदी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून काम देत होती. पॅसिफिक ओलांडून लढण्याचा विचार करणाऱ्या अमेरिकेजवळ हवाईच्या पलीकडे अशी सोय जवळजवळ नव्हती. त्यामुळे या प्रकाराचा पूर्ण विकास तिच्याच नौदलात झाला.

सेवानौकेच्या पोटात एक लहानसे कारखानदारीचे गाव वसलेले असते. खालच्या मजल्यांवर पोलादी पत्रे, नळ्या, तारा, उच्चतापसह विटा आणि हजारो प्रकारचे सुटे भाग यांची कोठारे. त्यांच्यावर ओतकामशाळा, फर्मे बनविणाऱ्या सुतारांची शाळा, लोहारकाम, तांबटकाम, बाष्पित्र-दुरुस्ती, वितळजोडकाम, विद्युत् कर्मशाळा आणि लेथ, छिद्रण व कर्तन यंत्रांनी भरलेली मोठी यंत्रशाळा. तोफांचे दृक्-साहित्य, अंतरमापक, घूर्णी होकायंत्रे, पुढे रडार व सोनार यांच्यासाठी धूळ आणि हादरे टाळून केलेल्या वेगळ्या खोल्या असत. पाणतीरांची शाळा हा या जहाजाचा खास विभाग. पाणतीर ही स्वतःच एक गुंतागुंतीची यंत्ररचना असून तिची हवेची टाकी, घूर्णी व खोली-नियंत्रक वारंवार उघडून तपासावे लागतात आणि विनाशिकेच्या उघड्या डेकवर हे काम नीट होत नाही. सुटा भाग कोठारात नसेल, तर मोडक्या तुकड्यावरून माप घेऊन लाकडी फर्मा करायचा, धातू ओतायचा, लेथवर घासून बसवायचा, हा क्रम एक-दोन दिवसांत पुरा होई. एरवी त्याच भागासाठी मायदेशाला पत्र गेले असते आणि विनाशिका दोन महिने नांगरून पडली असती.

कामाची रीत ठरलेली होती. विनाशिकेचा अभियंता समुद्रावर असतानाच दुरुस्तीची यादी तयार करी. बंदरात शिरताच ती सेवानौकेच्या दुरुस्ती-अधिकाऱ्याकडे जाई व दोघे बसून तिची छाटणी करीत. ही छाटणी म्हणजे एक घासाघीसच असे. विनाशिकेला सर्व काही हवे असे, तर शेजारी आणखी चार विनाशिका रांगेत उभ्या असत. मग चार, पाच, कधी सहा विनाशिका सेवानौकेच्या कुशीला एकीला एक लागून बांधल्या जात. त्यांची बाष्पित्रे विझविली जात व वाफ, वीज, गोडे पाणी, दाबित हवा हे सर्व सेवानौकेवरून नळ्या व तारांनी येई. पाणबुडे खाली उतरून पंखे व सुकाणू तपाशीत, आणि वाकलेला पंखा पाण्याखालीच बदलीत. याच मुदतीत वरच्या मजल्यांवर दुसरी दुरुस्ती चाले, ती माणसांची. सेवानौकेवर दंतवैद्य, शस्त्रक्रियागृह, भटारखाना, धुलाईघर, न्हावी, टपालघर, वेतन कार्यालय, ग्रंथालय आणि चित्रपटाचा पडदा होता. आठवडाभर ओल्या कपड्यांत, उभ्याने, थंड अन्न खाऊन काढलेल्या खलाशाला ताजा पाव आणि घरचे पत्र मिळणे याचा युद्धशक्तीशी असलेला संबंध आकड्यांत मांडता येत नाही, परंतु विनाशिकांचे कप्तान तो पुरेपूर ओळखून होते. सेवानौकेवरील कारागीर स्वतः मात्र महिनोन्‌महिने त्याच बंदरात नांगरलेले राहत. दुरुस्त झालेल्या नौकेवरील लोकांना पदके मिळत, यांना क्वचितच.

धोका : सेवानौकेला टेकलेली विनाशिका सर्वांत असहाय असते. तिची बाष्पित्रे थंड, यंत्रे उघडलेली, तोफांचे काही भाग कर्मशाळेत, आणि ती शेजारणींना दोरखंडांनी जखडलेली. २७ जुलै १९४० रोजी डोव्हर बंदरात कॉड्रिंग्टन ही ब्रिटिश विनाशिका बाष्पित्रे साफ करण्यासाठी सँडहर्स्टला लागून उभी असताना जर्मन विमानांचा हल्ला झाला व तिचा कणा मोडून ती बुडाली. पर्ल हार्बर येथे ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी डॉबिन व व्हिटनी या दोन सेवानौकांभोवती प्रत्येकी पाच विनाशिका याच अवस्थेत बांधलेल्या होत्या. जपानी वैमानिकांचे लक्ष प्रामुख्याने मोठ्या युद्धनौका आणि विमानतळ यांकडे होते, म्हणून त्या बचावल्या. डॉबिनच्या जवळ पडलेल्या बाँबच्या तुकड्यांनी तिच्यावरील काही खलाशी मृत्यू पावले. त्या गदारोळात व्हिटनी आपल्या विनाशिकांना वाफ, वीज व दारूगोळा पुरवीत राहिली. तोफा जुळविणे, बाष्पित्रे पेटविणे व दोर तोडून बाहेर पडणे हे सर्व त्या नौकांनी त्याच दिवशी साधले. डॉबिनच्या कुशीत त्या सकाळी असलेल्या विनाशिकांत हल हीही होती. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

स्वतः सेवानौकेचा नाश झाल्याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे हेक्ला. आइसलंडमध्ये काही काळ काम केल्यावर ती पूर्वेकडे निघाली असता मे १९४२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ जर्मनांनी पेरलेल्या पाणसुरुंगावर आदळली. सायमन्सटाउन येथे दुरुस्त होऊन ती उत्तर आफ्रिकेतील मोहिमेसाठी परत येत होती. १२ नोव्हेंबर १९४२ च्या मध्यरात्रीनंतर जिब्राल्टरच्या पश्चिमेस यू-५१५ या पाणबुडीने तिच्यावर एकामागून एक पाणतीर मारले. वाचवायला आलेल्या मार्न या विनाशिकेचीही पिछाडी उडाली. व्हेनमस ही दुसरी विनाशिका एकीकडे पाणबुडीला हुसकावीत आणि दुसरीकडे पाण्यातील माणसे उचलीत रात्रभर फिरत राहिली. हेक्लावरील पावणेतीनशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यांत मोठा भरणा कारागिरांचा होता. जहाज पुन्हा बांधता येते, परंतु वीस-वीस वर्षांच्या अनुभवाचे ओतारी, तांबट आणि यंत्रज्ञ युद्धाच्या मध्यावर पुन्हा मिळणे नौदलाला कठीण होते.

अटलांटिक व भूमध्य समुद्र : अटलांटिकमधील जहाजतांड्यांचे रक्षण करणाऱ्या विनाशिकांसाठी न्यू फाउंडलंडमधील आर्जेंशिया आणि आइसलंडमधील ह्वाल्फ्योर्ड व रेक्याव्हीक ही मुख्य ठिकाणे होती. येथे हिवाळी वादळे हाच मोठा शत्रू होता. १७ ऑक्टोबर १९४१ रोजी, अमेरिका अद्याप युद्धात उतरलेली नसताना, कर्नी या तिच्या विनाशिकेला पाणतीर लागून ११ जण मारले गेले. रेक्याव्हीक येथे व्हल्कन या दुरुस्तीजहाजाला लागून उभी करून तिचे भगदाड बुजविण्यात आले आणि डिसेंबरअखेर ती स्वबळावर मायदेशी निघाली. दुरुस्तीजहाज हे सर्व प्रकारच्या नौकांसाठी असते आणि सेवानौकेप्रमाणे ते एका तांड्याला बांधलेले नसते, एवढाच या दोहोंत फरक. प्रत्यक्षात ही सीमारेषा सतत पुसली जाई.

अलेक्झांड्रिया येथे वुलिच ही सेवानौका व रिसोर्स हे दुरुस्तीजहाज ब्रिटिशांच्या भूमध्य समुद्रातील आरमाराचा कणा होते. ग्रीस व क्रीटच्या मोहिमांत (एप्रिल-मे १९४१) विनाशिका सैन्य आणण्या-नेण्यासाठी इतक्या सलग फिरल्या, की ठरलेली साफसफाई व तपासणी यांना वेळच उरला नाही. क्रीटभोवतीच्या लढाईत सहा ब्रिटिश विनाशिका गेल्या. त्यांपैकी इंपीरिअलची कथा बोलकी आहे. हेराक्लिऑनकडे जाताना २८ मे रोजी तिच्याजवळ बाँब पडला, परंतु दृश्य असे नुकसान झाले नाही. सैनिकांना घेऊन परतताना पहाटेपूर्वी तिचे सुकाणू एकाएकी अडकले. उजाडण्याआधी विमानांच्या टप्प्याबाहेर जाणे भाग असल्याने तिच्यावरील माणसे हॉटस्पर या विनाशिकेवर घेऊन तिला बुडविण्यात आले. अशी नजरेआडची इजा शोधायला जी उसंत आणि जी माणसे लागतात, ती त्या रात्री कोणाजवळच नव्हती.

जावा समुद्र : सेवानौका हातची गेली की काय होते, याचा दाखला फिलिपीन्स व डच ईस्ट इंडीजमधील (आताचा इंडोनेशिया) मोहिमेत मिळतो. अमेरिकेच्या आशियाई तांड्यात पहिल्या महायुद्धकालीन चार धुराड्यांच्या तेरा विनाशिका होत्या आणि त्यांच्या दिमतीला ब्लॅक हॉक ही सेवानौका. १९१३ मध्ये बांधलेले हे मूळचे व्यापारी जहाज १९१८ मध्ये उत्तर समुद्रातील सुरुंगपेरणीच्या वेळी इन्व्हर्नेस येथे ध्वजनौका होते, तर १९२२ पासून हिवाळ्यात मानिला व उन्हाळ्यात चीनमधील चीफू (यानताई) अशी त्याची ये-जा असे. युद्ध सुरू झाले तेव्हा ते बोर्निओतील बालिकपापान येथे होते. १० डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी मानिलाजवळील काव्हीटे येथील नौदल गोदी जाळली. तीत पाणतीरांचा मोठा साठाही गेला. त्या दिवसापासून तेरा जुन्या विनाशिकांना ब्लॅक हॉक हाच एकमेव स्वतःचा आधार उरला. सुराबाया, डार्विन, चिलाचाप असे बंदरामागून बंदर सोडीत ती अखेर पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे गेली. तिला मागे ठेवणे हा अविचार ठरला असता, हे खरे. परंतु ती गेल्यावर लढणाऱ्या विनाशिकांना उसंतही उरली नाही आणि पाणतीरही उरले नाहीत. २७ फेब्रुवारी १९४२ च्या जावा समुद्रातील लढाईत आपले पाणतीर संपविलेल्या चार अमेरिकी विनाशिकांना नवे पाणतीर मिळण्यासाठी ऑस्ट्रेलिया गाठावे लागले. बाली सामुद्रधुनीतून रात्री निसटलेल्या त्या चारही वाचल्या.

स्ट्यूअर्ट ही त्याच तांड्यातील विनाशिका मात्र तेथेच राहिली. बादुंग सामुद्रधुनीतील लढाईत (१९-२० फेब्रुवारी) जखमी झालेली ही नौका २२ फेब्रुवारीस सुराबायाच्या तरत्या गोदीत घेतली गेली. गोदी वर उचलताना तिच्या कण्याखालील ठोकळ्यांचा आधार अपुरा पडला व ती घसरून कुशीवर कोसळली. गोदीत जहाज बसविणे हे त्या जहाजाची ठेवण ओळखणाऱ्यांचे काम असते. घाईत आणि परक्या हातांनी ते बिघडले. माघार घेताना तिच्यात स्फोट घडवून ती सोडून देण्यात आली. पुढे जपान्यांनी तिला वर काढून आपली गस्तनौका केली. त्यामुळे शत्रूच्या मुलखात फिरणाऱ्या अमेरिकी विनाशिकेच्या वार्ता दोस्त वैमानिक वर्षभर आणीत राहिले. १९४५ मध्ये ती जपानमधील कुरे येथे सापडली, मे १९४६ मध्ये नेमबाजीचे लक्ष्य म्हणून बुडविली गेली, आणि २०२४ मध्ये तिचे अवशेष कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात आढळले.

पॅसिफिकमधील तरते तळ : सॉलोमन बेटांच्या लढाईत (१९४२-४३) नूमेआ, एस्पिरितू सांतो व पर्व्हिस बे येथे अमेरिकी सेवानौका नांगरल्या. जंगल, हिवताप आणि पाऊस यांनी वेढलेल्या त्या बंदरांत किनाऱ्यावर एकही यंत्रशाळा नव्हती. सेल्फ्रिज या विनाशिकेचा नाळेकडील भाग ६ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री उडाला असता पर्व्हिस बे व नूमेआ येथे तात्पुरता बंदोबस्त करून तिला स्वबळावर मेअर आयलंडच्या गोदीपर्यंत पाठविण्यात आले. ‘घरी पोहोचण्यापुरती दुरुस्ती’ हे सेवानौकेच्या कामाचे दुसरे अंग येथे पूर्ण विकसित झाले.

मध्य पॅसिफिकमधील आगेकूच सुरू झाल्यावर जमिनीवरील तळ बांधण्याइतका वेळ मिळेना. तेव्हा सर्व तळच तरता करण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबर १९४३ मध्ये फुनाफुती या कंकणद्वीपाच्या खारकच्छात कॅस्केड या सेवानौकेभोवती पहिली सेवा-तुकडी जमली. १९४४ च्या आरंभी कमोडोर वॉरल कार्टर यांच्या हाताखाली सर्व्हिस स्क्वॉड्रन १० स्थापन झाला. तो माजुरो, एनिवेटोक व ऑक्टोबर १९४४ पासून उलिथी असा पुढे सरकत गेला. उलिथी हे कॅरोलाइन बेटांतील कंकणद्वीप पर्ल हार्बरपासून साडेसहा हजार किमी.हून अधिक दूर आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ते विनाविरोध ताब्यात आले. काही आठवड्यांतच त्याच्या विस्तीर्ण खारकच्छात सेवानौका, दुरुस्तीजहाजे, तरत्या गोद्या, तेलवाहू जहाजे, दारूगोळ्याची जहाजे व रुग्णालय-जहाजे यांचे एक शहर उभे राहिले. मोगमोग हे बेट खलाशांच्या विश्रांतीसाठी राखण्यात आले आणि तेथील रहिवाशांना फासराई बेटावर हलविण्यात आले. त्या लोकांच्या बाजूने पाहता हा पाहुणचार सक्तीचाच होता. हा तळ अगदी सुरक्षितही नव्हता. २० नोव्हेंबर १९४४ रोजी मिसिसिनेवा हे तेलवाहू जहाज जपानी मानवी पाणतिराने खारकच्छाच्या आतच बुडविले.

या तळाचा लष्करी अर्थ असा, की विनाशिकेला दुरुस्तीसाठी हवाई किंवा कॅलिफोर्नियापर्यंतची कित्येक आठवड्यांची फेरी करावी लागली नाही. फ्लेचर वर्गाच्या १७५ विनाशिका अमेरिकेने बांधल्या. त्यांतील पुष्कळ पॅसिफिकमध्ये लढल्या. प्रत्येकीचे दर काही महिन्यांनी दीड-दोन महिने प्रवासात गेले असते, तर आघाडीवर प्रत्यक्ष हजर नौकांची संख्या कितीतरी घटली असती. जहाज बांधण्याइतकेच ते आघाडीवर टिकविणे हेही संख्याबळच आहे. जपानने या बाबीकडे तुलनेने दुर्लक्ष केले. आकाशी हे त्याचे खास दुरुस्तीसाठी बांधलेले एकमेव जहाज. तुर्क येथे त्याने फार मोठे काम केले, परंतु ३० मार्च १९४४ रोजी पालाऊ येथे अमेरिकी विमानांनी ते बुडविले व त्याची जागा घेणारे दुसरे जहाज नव्हते. त्यानंतर जखमी जपानी विनाशिकांना मायदेशाचा वा सिंगापूरचा लांबचा आणि पाणबुड्यांनी भरलेला रस्ता धरावा लागे.

सेवानौका हे तांड्याचे प्रशासकीय घरही असे. १८ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपीन्सच्या पूर्वेस आलेल्या चक्रीवादळात हल, मोनाहन व स्पेन्स या तीन विनाशिका उलटल्या आणि पावणेआठशेंहून अधिक माणसे गेली. इंधन संपत आल्याने हलक्या झालेल्या नौकांचा तोल सुटणे हे त्यामागील एक कारण होते. चौकशी न्यायालय भरले ते उलिथी येथे कॅस्केड या सेवानौकेवर, २६ डिसेंबर रोजी. पर्ल हार्बरच्या सकाळी डॉबिनच्या कुशीतून वाचलेल्या हलचे मोजके उरलेले लोक तेथे साक्ष द्यायला उभे राहिले.

ओकिनावाच्या लढाईत (एप्रिल-जून १९४५) रडार-पहाऱ्यावर दूर उभ्या केलेल्या विनाशिकांवर कामिकाझे विमानांचा मारा झाला. ओकिनावाच्या पश्चिमेस सु. २५ किमी.वरील केरामा बेटांच्या आडोशास, मुख्य चढाईपूर्वीच जिंकून घेतलेल्या नांगरवाड्यात, दुरुस्तीजहाजे व तरत्या गोद्या उभ्या होत्या. तेथे प्रथम मृतदेह व जखमी उतरवीत, मग वाकडेतिकडे पोलाद कापून काढीत आणि भगदाडावर पत्रा जोडीत. दुरुस्त न होण्याजोग्या विनाशिकेचे चांगले भाग काढून दुसरीला बसविले जात. हे सर्व काम धुराच्या पडद्याखाली, रात्रंदिवस हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यांत चाले.

युद्धोत्तर काळ : महायुद्धानंतर बहुतेक विनाशिका राखीव तांड्यात गेल्या, तरी डिक्सी वर्गातील जहाजे कोरिया व व्हिएटनामच्या युद्धांतही वापरात राहिली. १९७८ मध्ये अमेरिकेत कायदा बदलून साहाय्यक जहाजांवर स्त्रियांच्या नेमणुकीस मुभा मिळाली. अशा नेमणुका झालेल्या पहिल्या जहाजांत सेवानौका होत्या. डिक्सी १९८२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा ती त्या नौदलातील सर्वांत जुनी सक्रिय नौका होती. तो मान पुढे प्रेअरीकडे गेला व तीही १९९३ मध्ये निवृत्त झाली. साठोत्तरी सॅम्युएल गाँपर्स वर्ग आणि १९८० नंतरचा यलोस्टोन वर्ग ही या प्रकारातील शेवटची बांधणी. त्यांतील अकेडिया हिने १९८७ मध्ये इराणच्या आखातात इराकी क्षेपणास्त्रांनी जखमी झालेल्या व ३७ माणसे गमावलेल्या स्टार्क या फ्रिगेटची बाहरीन येथे तात्पुरती दुरुस्ती केली. युद्धकालीन परंपरेतील हे कदाचित शेवटचे मोठे काम.

दरम्यान विनाशिका बदलली होती. ती आकाराने जुन्या क्रूझरएवढी झाली, वायू टरबाइनांमुळे बाष्पित्रे गेली, आणि बिघडलेला विद्युत् वा इलेक्ट्रॉनीय भाग आघाडीवर दुरुस्त करण्याऐवजी विमानाने नवा मागवून बसविण्याची पद्धत रूढ झाली. शीतयुद्ध संपल्यावर खर्चकपातीत सेवानौका प्रथम वगळल्या गेल्या आणि १९९६ अखेर अमेरिकी नौदलातील सर्व विनाशिका-सेवानौका निवृत्त झाल्या. पाणबुड्यांच्या सेवानौका मात्र राहिल्या. भारतीय नौदलाने या प्रकारातील जहाजे थोडीच वापरली. धरिणी हे १९६० च्या सुमारास घेतलेले दुरुस्तीजहाज व १९६८ मध्ये सोव्हिएट रशियाकडून मिळालेली अंबा ही पाणबुडी-सेवानौका ही त्यांपैकी प्रमुख. अंबा २००६ मध्ये निवृत्त झाली. भारतीय विनाशिकांची दुरुस्ती मुंबई व विशाखापटनम् येथील नौदल गोद्यांत होते.